दिल्लीच्या मातीला ओळखीची झाडं

नोकरीतल्या बदलीमुळे दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडाला येणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात पुरणयंत्र आणि पोळपाट-लाटण्याच्या जोडीला एक-दोन कुंड्याही असतातच. कोणी सोनचाफा आणतं, कोणी अबोली, कोणी माहेरच्या अंगणातली जाई. पहिला पावसाळा छान जातो. थंडीत रोप जरा रुसतं, पानं पिवळी पडतात. मग मे महिन्यात राजस्थानकडून 'लू' वाहू लागली, की आठवड्याभरात सोनचाफ्याच्या पानांच्या कडा करपून कुरकुरीत होतात. सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही उपयोग होत नाही. "दिल्लीची हवाच वाईट," असं म्हणून कुंडी रिकामी केली जाते आणि कोपऱ्यावरच्या नर्सरीतून आणलेला पाम तिथे विराजमान होतो.

दिल्लीची हवा वाईट आहे हे खरंच. पण सोनचाफा काही धुरामुळे गेलेला नसतो. त्याला मानवत नाही ते इथलं ऋतुचक्र. पावसाचा नुसता आकडा पाहिला, तर दिल्लीचा वार्षिक पाऊस पुणे शहराच्या पावसाशी मिळताजुळता आहे, सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास. पण त्यातला बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर एवढ्या काळातच पडून जातो. बाकीचे महिने जवळजवळ कोरडे. त्यातही मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीत धुक्याच्या दिवसांत तोच ३-४ अंशांपर्यंत उतरतो. कोकणातल्या किंवा घाटावरच्या झाडाने असे टोकाचे दोन ऋतू कधी पाहिलेलेच नसतात.

ते सोसणाऱ्या वनस्पतींचा मोठा गोतावळा मात्र दिल्लीत पूर्वीपासून आहे. गुजरातपासून निघालेली अरवली पर्वताची रांग ईशान्येकडे सरकत सरकत दिल्लीत यमुनेच्या काठाशी येऊन संपते. तिच्या या शेवटच्या टोकाला दिल्लीकर 'रिज' म्हणतात. या रिजवर एखादी मराठी गृहिणी सकाळी फिरायला गेली, तर तिला आश्चर्य वाटावं इतक्या ओळखीच्या वनस्पती तिथे भेटतात. इथले लोक ज्याला 'बांसा' म्हणतात, तो आपला खोकल्यावरचा अडुळसा. 'बज्रदंती' म्हणजे पिवळी कोरांटी. 'ढाक' म्हणजे पळस, 'रोंझ' म्हणजे हिवर, 'हिंगोट' म्हणजे हिंगणबेट. आणि 'जांटी' किंवा 'खेजडी' म्हणजे चक्क शमी, दसऱ्याची शमी!

एवढं सगळं दाराशी असताना घरातल्या बागेत त्यातलं एकही झाड नसतं. नर्सरीत ते विकायलाच नसतात, कारण कोणी मागत नाही. आणि कोणी मागत नाही, कारण ते बागेत लावायचे असतात हेच ठाऊक नसतं. गेल्या काही वर्षांत मात्र दिल्ली परिसरातल्या काही मंडळींनी हा फेरा तोडायला सुरुवात केली आहे.

एका टेकडीची गोष्ट

परक्या झाडाची निवड किती महागात पडू शकते, याचं सर्वांत मोठं उदाहरणही दिल्लीतच आहे. डिसेंबर १९११मधल्या दरबारात राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेला कडुनिंब, जांभूळ, अर्जुन, चिंच अशी झाडं ओळीने लावली गेली. ती आजही उभी आहेत आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात चालणाऱ्याचा जीव त्यांच्याच सावलीत रमतो. पण व्हाइसरॉयच्या प्रासादामागची खडकाळ, उघडीबोडकी टेकडी गोऱ्या साहेबांना खटकत होती. ती लवकर हिरवी व्हायला हवी होती. तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिथे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून भारतात आलेलं एक काटेरी झाड लावण्यात आलं. दिल्लीत त्याला 'विलायती कीकर' म्हणतात. महाराष्ट्रात त्याला लोकांनी अधिक चपखल नाव दिलं आहे, वेडी बाभूळ.

टेकडी हिरवी झाली, यात शंका नाही. पाणी नको, माती नको, शेळ्यामेंढ्यांची भीती नाही, तोडलं तरी पुन्हा फुटतं. गुरं शेंगा खातात आणि शेणातून बी सगळीकडे पसरतं. पण या झाडाखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. बघता बघता रिजचा बहुतांश भाग त्याने व्यापला आणि तिथली मूळची झाडं कोपऱ्याकोपऱ्यांत उरली. गंमत अशी, की वेडी बाभूळ आणि शमी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जवळची भावंडं. शमीखाली मात्र बाजरी-मूग जोमाने येतात, म्हणून राजस्थानातला शेतकरी तिला शेताच्या मधोमध राखतो. एका भावंडाने शेत पोसलं, दुसऱ्याने टेकडी गिळली.

आज ही वेडी बाभूळ काढायची म्हटली तर तेही सोपं नाही. एकदम तोडली, तर टेकडी पुन्हा उघडी पडते आणि बुंध्यातून दुप्पट धुमारे फुटतात. म्हणून तिच्या फांद्या छाटून खाली ऊन पोहोचवायचं, त्या उजेडात देशी झाडं वाढवायची आणि ती मोठी झाली की तिला हळूहळू हटवायचं, असा सबुरीचा मार्ग जाणकार सुचवतात.

खाणीच्या जागी जंगल

गुरुग्रामच्या कडेला, दिल्लीच्या सीमेलगत पावणेचारशेहून अधिक एकरांची एक जागा आहे. एके काळी तिथे दगडाच्या खाणी होत्या. खाणकाम थांबल्यावर उरले ते खड्डे, दगडांचा चुरा आणि अर्थातच वेडी बाभूळ. २०१०मध्ये 'आय अॅम गुडगाव' या नागरिकांच्या गटाने महानगरपालिकेच्या साथीने या जागेचं रूप पालटायचं ठरवलं. कामाची धुरा सांभाळली विजय धस्माना या निसर्ग-अभ्यासकाने.

इथे सोपा मार्ग समोर होता. ठेकेदाराकडून काही हजार गुलमोहर आणि पाम मागवले असते, हिरवळ अंथरली असती, कारंजं बसवलं असतं, की 'पार्क' तयार. तसं झालं नाही. आधी प्रश्न विचारला गेला, की खाण होण्यापूर्वी या टेकडीवर काय असेल? त्याचं उत्तर शोधायला मंडळी अरवलीतल्या शिल्लक जंगलांत हिंडली. राजस्थान आणि हरयाणातल्या टेकड्यांवरून बिया गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी झाडांची रोपं कुठल्याच नर्सरीत तयार होत नव्हती. बी कधी पेरायचं, किती दिवसांनी रुजतं, रुजण्याआधी भिजवावं लागतं का, याची माहितीही हाताशी नव्हती. म्हणून तिथेच रोपवाटिका उभी केली. उतारावर धौ आणि सालई, सपाटीवर पळस, ओलाव्याच्या जागी कळंब, असं जागा पाहून झाड लावलं गेलं. रोपं लावायला शाळांची मुलं आली, कंपन्यांचे कर्मचारी आले, आसपासची कुटुंबं आली.

आज हे 'अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क' शेकडो देशी वनस्पतींचं घर आहे आणि दीडशेहून अधिक जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत. जाहीर झालेल्या अभयारण्यांच्या बाहेर असूनही निसर्ग राखणाऱ्या जागांना जो आंतरराष्ट्रीय दर्जा दिला जातो, तो भारतात सर्वप्रथम २०२२च्या फेब्रुवारीत या पार्कला मिळाला. (दिल्लीत वसंत विहारजवळ याच नावाचं आणखी एक उद्यान आहे. ते दिल्ली विकास प्राधिकरणाचं. दोन्ही पाहण्याजोगी आहेत, पण पत्ता सांगताना घोटाळा होतो.)

या मंडळींना आदर्श म्हणून समोर होतं ते जवळचंच मांगर गाव. फरिदाबाद जिल्ह्यातल्या या गावाच्या खोऱ्यात 'मांगर बनी' नावाचं धौच्या झाडांचं दाट रान आहे. गुदडिया दास बाबांचं ते स्थान. तिथली फांदी तोडायची नाही, असा गावकऱ्यांचा पिढ्यानपिढ्यांचा नेम. आजूबाजूच्या टेकड्या खाणींनी पोखरल्या गेल्या तरी बनी टिकली. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या देवराया पाहिलेल्यांना ही कथा वेगळी सांगायला नको. धौ हा आपल्या धावड्याचाच भाऊबंद. खडकाच्या भेगेत मुळं घालून तो उभा राहतो.

'भारतीय' म्हणजे 'स्थानिक' नव्हे

इतकं वाचून एखादी उत्साही वाचक लगेच नर्सरीत जाऊन "देशी झाड द्या" म्हणेल, तर तिच्या हाती बहुधा सप्तपर्णीचं रोप पडेल. सप्तपर्णी, म्हणजे आपली सातवीण, अस्सल भारतीय आहे. पण ती आहे दमट रानांतली, कोकण-सह्याद्रीकडची. दिल्लीच्या रस्त्यांवर ती मोठ्या संख्येने लावली गेली. ऑक्टोबरात ती फुलली, की संध्याकाळी सगळी वसाहत तिच्या उग्र गंधाने भरून जाते. काहींना तो वास फार आवडतो, काहींचं डोकं चढतं आणि दम्याच्या रुग्णांपैकी काहींना त्रास होतो. एखाददुसरं झाड असतं तर कुणाची तक्रार नव्हती. ओळीने शंभर लावल्यावर काय होणार?

कदंबाचंही तसंच. कृष्णाचा म्हणून जो कदंब हौसेने लावला जातो, तो चेंडूसारख्या केशरी फुलांचा मोठ्या पानांचा वृक्ष ओल्या प्रदेशातला. मथुरा-वृंदावनच्या परिसरात नैसर्गिकरीत्या आढळतो तो 'कैम', म्हणजे आपल्याकडचा कळंब. त्याची फुलं लहान आणि फिकट, पण सुगंध तितकाच गोड. कृष्णलीलेतलं झाड ते हेच असावं, असं अनेक जाणकारांचं मत आहे. दिल्लीच्या झाडांवर २००६ साली जाडजूड सचित्र पुस्तक लिहिणारे प्रदीप कृष्ण यांनी अशा कितीतरी गैरसमजांची गाठ सोडवली. मूळचे ते चित्रपट-दिग्दर्शक. झाडांच्या नादाने त्यांनी दिल्लीचे रस्ते आणि रिज पायाखाली घातले आणि शहरातल्या अडीचशे प्रकारच्या झाडांची ओळख सामान्य वाचकाला करून दिली.

नावाच्या गोंधळात सर्वांत जास्त फसगत होते ती शमीची. 'घरात शमी असावी' म्हणून ती कुंडीत मागितली जाते आणि विक्रेता बऱ्याचदा दुसरंच काटेरी रोप हाती ठेवतो. फुलं आली की फरक कळतो. खऱ्या शमीचे तुरे फिकट पिवळे असतात. अर्धा तुरा गुलाबी आणि अर्धा पिवळा दिसला, तर ती सिगमकाटी समजावी. ती वनस्पती वाईट नाही, अरवलीतलीच आहे. पण शमी नव्हे. शिवाय खरी शमी कुंडीत ठेवायचं झाड नाहीच. तिचं मूळ सरळ खोल पाताळाकडे जातं, म्हणून तर ती वाळवंटात तगते. तिला मोकळी जमीन द्यावी, नाहीतर तिच्या वाटेला जाऊ नये.

आपली जमीन कोणती?

दिल्लीच्या जुन्या शेतकऱ्यांनी इथल्या जमिनीची फार सोयीची वाटणी करून ठेवली आहे. यमुनेच्या गाळाची ती 'खादर', नदीपासून दूरची जुन्या गाळाची ती 'बांगर', पाणी साचणारा सखल भाग तो 'डाबर' आणि टेकडीची खडकाळ जमीन ती 'कोही'. बागेची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने आधी आपलं घर यांपैकी कशावर उभं आहे, याचा अंदाज घ्यावा. मयूर विहार किंवा नोएडाचा नदीकाठचा भाग खादरचा. दक्षिण दिल्ली, गुरुग्राम आणि फरिदाबादचा टेकडीकडचा भाग कोही. रोहिणी-द्वारकेकडचा बराचसा पट्टा बांगर-डाबरचा. अर्थात बिल्डरने टाकलेला भराव सगळ्यांच्याच वर असतो; फूटभर खणल्यावर विटांचे तुकडे निघाले तर नवल वाटून घेऊ नये.

खादरच्या जमिनीत ओलावा टिकतो. तिथे अंगण असेल तर 'बरना', म्हणजे आपला वायवर्ण, लावावा. मार्च-एप्रिलमध्ये तो पांढऱ्या-पिवळसर फुलांनी असा लगडतो, की पानं दिसेनाशी होतात. जांभूळ आणि अर्जुनही इथे खूश असतात, मात्र ती मोठी झाडं आहेत. वीस फुटांच्या अंगणात जांभूळ लावलं, तर दहा वर्षांनी घर जांभळाच्या अंगणात आहे असं म्हणायची वेळ येईल.

खडकाळ जमिनीवरच्या मंडळींना निवड जास्त आहे, फक्त धीर हवा. 'दूधी', म्हणजे आपला काळा कुडा, हे घरच्या बागेसाठी अगदी नेटकं झाड. उंची बेताची, उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत पांढरी फुलं. आपटाही अरवलीत आढळतो आणि लहान अंगणात छान मावतो. दिल्लीतल्या मराठी घरांत दसऱ्याला सोन्याची पानं मिळवण्यासाठी जी धावपळ होते, ती ज्यांनी केली आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. रोहिडा हा राजस्थानचा राज्यपुष्पाचा मान मिळालेला वृक्ष. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळ्यापासून लालपर्यंतच्या छटांची पेल्यासारखी फुलं येतात आणि शिंजीर पक्ष्यांची झुंबड उडते. त्याला पाणी जास्त झालं तर मात्र तो रागावतो. जागा ऐसपैस असेल तर पळस आणि बहावा. पळसाला तीनच पानं हे दिल्लीतही खरं आहे.

कुंपणासाठी लोक हल्ली भराभर वाढणाऱ्या परदेशी झाडांच्या मागे लागतात. हिरव्या भिंतीसारखं दिसणारं कोनोकार्पस देशात ठिकठिकाणी असंच पसरलं. त्याच्या मुळांचा आणि परागांचा उपद्रव लक्षात आल्यावर गुजरातच्या वनखात्याने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्यापेक्षा करवंदाची काटेरी जाळी काय वाईट? पांढरी सुवासिक फुलं, मग फळं, लोणच्याची सोय आणि बुलबुलांना खाऊ. कुत्री-मांजरं आत शिरत नाहीत ते वेगळंच. 'हींस', म्हणजे कंथार, हीदेखील कुंपणाची पक्की वेल आहे. तिच्या कुळातल्या झुडपांवर पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. करील, म्हणजे नेपती, हे तर बिनपानाचं नवल. नुसत्या हिरव्या काड्यांचं झुडूप. उन्हाळा सुरू होताच विटकरी-लाल फुलांनी भरून जातं. त्याच्या फळांना इथे 'टेंटी' म्हणतात आणि त्यांचं लोणचं हरयाणा-ब्रजमधल्या घरोघरी होतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं काय?

दिल्ली परिसरातली बहुतेक कुटुंबं आता फ्लॅटमध्येच राहतात, तेव्हा अंगणाच्या गप्पा त्यांना चेष्टाच वाटतील. पण गॅलरीतही स्थानिक वनस्पतींना भरपूर वाव आहे. पश्चिमेची गॅलरी ही सर्वांत कठीण जागा. दुपारनंतर तिथे भट्टी पेटते. अशा ठिकाणी कोरांटी ठेवावी. पावसाळ्यानंतर ती पिवळ्या फुलांनी बहरते आणि एखादा दिवस पाणी चुकलं तरी कुरकुरत नाही. अडुळसा मोठ्या कुंडीत सहज होतो. हिवाळ्याच्या अखेरीला त्याला पांढरी फुलं येतात आणि भुंगे त्यांच्यात डोकं खुपसून बसलेले दिसतात. कांडवेल, शतावरी आणि गुळवेल या तिन्ही कठड्यावर किंवा जाळीवर चढवता येतात. शतावरीची नाजूक, सुयांसारखी पानं तर नर्सरीतल्या महागड्या शोभेच्या रोपांना लाजवतील.

आणि एक कल्पना खास मराठी घरांसाठी. गणपतीच्या एकवीस पत्रींच्या याद्यांत थोडाफार फरक असतो, पण कोणतीही यादी घेतली तरी तिच्यातल्या निम्म्याच्या आसपास वनस्पती दिल्लीच्या रानात आपोआप उगवतात. दूर्वा, आघाडा, माका, रुई, बोर, डोरली, विष्णुक्रांत, शमी, पिंपळ. भाद्रपदात दिल्लीच्या बाजारात पत्रीचा जुडगा शोधत फिरण्यापेक्षा यातल्या पाच-सहा वनस्पती कुंड्यांत वाढवाव्यात. पसरट कुंडीत विष्णुक्रांत लावली, तर तिची टिकलीएवढी निळी फुलं पाहून पाहुणे हमखास नाव विचारतात. माक्याला ओल हवी, म्हणून त्याची कुंडी नळाजवळ. रुईवर काळ्या-पांढऱ्या कडेचं केशरी फुलपाखरू अंडी घालतं. अळ्या पानं कुरतडतील, कुरतडू द्याव्यात. पंधरा-वीस दिवसांत मुलांना घरबसल्या निसर्गशास्त्राचा धडा मिळतो. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नये. आणि देवदाराचा हट्ट दिल्लीत धरू नये, तो हिमालयातच बरा.

लाडाने मरतात, उपेक्षेने जगतात

स्थानिक झाडं नर्सरीतून आणल्यावर मरतात, ती बहुतेक वेळा अतिप्रेमाने. शेणखताने भरलेली कुंडी आणि रोज दोनदा पाणी हा पाहुणचार टेकडीवरच्या झाडांना सोसत नाही, मुळं कुजतात. त्यांच्यासाठी मातीत जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळावी आणि खत बेताचंच घालावं.

लावायची वेळ जुलै, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. रोप जितकं लहान तितकं चांगलं. हे लोकांना पटत नाही. पैसे मोजायचे तर चांगलं पुरुषभर उंचीचं झाड हवं असतं. पण पळस, शमी, हिवर यांसारख्या झाडांचं सोटमूळ पिशवीत वेटोळं होऊन बसलं, की ते पुढे कधीच नीट वाढत नाही. वीतभर रोप जमिनीत लावलं तर पहिलं वर्षभर ते वर काहीच करत नाही असं वाटतं. त्या काळात ते खाली जात असतं. पहिले दोन उन्हाळे त्याला आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी द्यावं. तिसऱ्या उन्हाळ्यापासून त्याचं ते पाहून घेतं.

पाण्याचा हा हिशेब छोटा नाही. गुरुग्रामचा भूजलाचा उपसा पावसाने होणाऱ्या भरण्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याचं केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहण्यांतून वारंवार दिसलं आहे. मे महिन्यात ज्या सोसायटीच्या दारात पाण्याचे टँकर उभे असतात, तिच्याच मागच्या बाजूला लॉनवर तासन्‌तास नळी सोडलेली असते. लॉन हवंच असेल तर नुसत्या दूर्वांचं करावं. उन्हाळ्यात त्या पिवळ्या पडतात, पहिल्या पावसाला पुन्हा हिरव्या होतात. तेवढा पिवळेपणा सोसायटीच्या बैठकीत मंजूर करून घेणं हे मात्र झाड लावण्यापेक्षा अवघड काम आहे. "हे तर जंगल वाटतं" असं कुणीतरी म्हणतंच. धौ-सालईसारखी झाडं पानं गाळतात, काही महिने नुसत्या फांद्या दिसतात, आणि बारमाही हिरवा पाम पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना ते खुपतं.

झाड निवडताना घाई न करण्याचं आणखी एक कारण कायद्यात आहे. दिल्लीत १९९४पासून वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ज्याच्या खोडाचा व्यास किमान ५ सेंटिमीटर आणि उंची किमान एक मीटर आहे, असं कोणतंही झाड या कायद्याने 'वृक्ष' ठरतं, मग ते स्वतःच्या अंगणात का असेना. परवानगीवाचून ते तोडता येत नाही. म्हणजे हौसेने भिंतीलगत लावलेला पिंपळ किंवा रबराचं झाड तीन वर्षांनी नकोसं झालं, तर अर्ज, पाहणी आणि वाट पाहणं आलं.

याचा अर्थ मोगरा फेकून द्यावा किंवा जास्वंदीला घराबाहेर काढावं, असा मुळीच नाही. माहेरची जाई सावलीच्या कोपऱ्यात, थंडीत भिंतीच्या आडोशाला ठेवली तर दिल्लीतही फुलते. तिला तेवढे लाड करायला हरकत नाही. बाकीच्या आठ-दहा कुंड्या आपलं आपण सांभाळणाऱ्या असल्या, की एकीसाठी वेळ काढता येतो.

रोपं मिळवण्यासाठी रिजवर जाऊन झाडं उपटून आणू नयेत. राखीव जंगलातून असं करणं गुन्हा आहे आणि सोटमूळ तुटलेलं रोप जगतही नाही. वाटेवर पडलेलं करवंद किंवा शेजारच्या अडुळशाची फांदी मागून घेतली तर गोष्ट वेगळी. अडुळसा, गुळवेल आणि कांडवेल नुसत्या कांडीपासून होतात. वनखात्याच्या रोपवाटिकांत पावसाळ्यात काही देशी रोपं मिळतात, बऱ्याचदा मोफत. खासगी नर्सरीत मराठी नाव उपयोगाचं नाही. दूधी, बांसा, बज्रदंती, बरना, जांटी, हींस अशी इथली नावं कागदावर लिहून न्यावीत, आणि तीही जूनच्या आधी, म्हणजे मालकाला रोपं मागवायला सवड मिळते. पहिल्या खेपेला "वो तो जंगल में होता है, मैडम," असंच उत्तर मिळेल. कागद त्याच्याकडे ठेवून यावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा चौकशी करावी.